दोनशे बारा नंबरचा माणूस

कार्लबेकच्या चॅपेलमागच्या सभागृहात त्या मंगळवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोकांनी रविवारच्या शाळेतली बुटकी बाके ओढून आणली आणि गुडघे पोटाशी घेऊन त्यांवर बसले. बाहेर ऑक्टोबरचे धुके अगदी दाराला टेकले होते. आत ओल्या कोटांचा वास होता, लॅव्हेंडरचा वास होता, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हते.

मंचावरच्या दिव्याखाली क्वेलमहाशय उभे होते. काळा कोट, मानेपर्यंत रुळणारे पांढरे केस, आणि आवाज असा की लोण्यासारखा पावाला लावावा. हातात लोकांपैकी कुणीतरी फोटो घालून चिकटवून दिलेले खाकी पाकीट. त्यांनी खिशातून मोठा रुमाल काढून तो पाकिटावरून हळुवार फिरवला. जिवंत माणसांच्या हातांचा स्पर्श आधी पुसावा लागतो, मेलेल्यांना त्याचा जाच होतो, असे त्यांनी समजावून सांगितले. मग पाकिटाकडे क्षणभर करुणेने पाहिले, ते कपाळाला लावले आणि डोळे मिटले. वाफ दिसते आहे. हिरवे इंजिन, नंबर बावीस. गिलरिग स्टेशन. साल एकोणीसशे सहा. ड्रायव्हर सांगतो आहे... एनॉक. एनॉक म्हणतो, इथे अजून थंडी वाजते.

पाकीट फोडले. आत बावीस नंबरचे इंजिन, मागे गिलरिग स्टेशन. फोटो काळा-पांढरा होता, पण हिरवा रंग कुठून आला हे कुणी विचारले नाही. दुसऱ्या रांगेत एनॉकची म्हातारी सून तोंडावर हात ठेवून रडू लागली.

तिसऱ्या रांगेत ॲम्ब्रोज मेटकाफ बसला होता. वय बासष्ट. कार्लबेकचा रेल्वेच्या डब्यांचा कारखाना एकवीस वर्षांपूर्वी बंद पडला, तोवर तो तिथल्या नकाशे काढायच्या खोलीत होता. कारखाना मोडला तेव्हा कंपनीच्या छायाचित्रकाराच्या अठराशे निगेटिव्ह काचा भंगारात चालल्या होत्या. गावातल्या आठ-दहा जणांनी त्या हातगाडीवरून वाचवून आणल्या, मंडळ काढले, आणि तेव्हापासून ॲम्ब्रोज डोळ्याला भिंग लावून त्या काचांवर बसला. हे इंजिन कुठले, तो डबा कधीचा, छपरावरचा दिवा गॅसचा की विजेचा, दाराला किती खिळे. उडत्या पाखराची पिसे मोजणारा म्हणून लोक त्याची थट्टा करत. त्याने काचांची छापील यादी केली आणि मंडळाने फोटो विकले. आज गावात असे घर नव्हते, जिथे भिंतीवर इंजिन नव्हते.

तो काही विश्वास ठेवायला आला नव्हता. मंडळाचा चिटणीस सिरिल बूथ याने हा प्रयोग ठरवला, तोही मंडळाच्या फोटोंवर, म्हणून नाक मुरडत आला होता. पण मघाशीच त्याने स्वतः चिकटवून दिलेले पाकीट क्वेलने कपाळाला लावले आणि इंजिन, शेड, साल, इतकेच काय, इंजिनाच्या पुढच्या बफरवर बसलेल्या सफाईवाल्या पोराचे नावही सांगितले. ॲम्ब्रोजच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याची बायको एल्सी जाऊन चार वर्षे झाली होती. क्षणभर त्याला वाटले, हा आता तिचे नाव घेणार. आपल्याला ते हवे होते की नको होते, हे त्याला नंतरही कळले नाही.

मग हेस्टर रॅम्सडेनचा नंबर आला.

हेस्टर अडुसष्ट वर्षांची, सगळी हयात गिरणीत मागावर काढलेली, लग्न न केलेली. तिचे वडील ल्यूक इंजिनात कोळसा टाकायचे. १९११च्या फेब्रुवारीत वादळी वाऱ्यात गिलरिगचा पूल खचला आणि सत्त्याऐंशी नंबरचे इंजिन दोन माणसांसकट खाली गेले. हेस्टर तेव्हा तीन वर्षांची होती. वडिलांची तिला एकच आठवण होती: तिला उचलून घेणारा डावा हात, ज्याला करंगळी नव्हती. डबे जोडताना ती गेली होती. चेहरा काही केल्या आठवत नसे. म्हणून मंडळ निघाल्यापासून ती दर बैठकीला यायची, एकच प्रश्न विचारायची, आणि १९५९ साली ॲम्ब्रोजने तिला सांगितले होते की सापडले. फोटो क्रमांक दोनशे बारा. तेव्हापासून तो फोटो तिच्या शेकोटीवरच्या फळीवर होता. आता मोतीबिंदूने तो तिला दिसेनासा झाला होता. पुढच्या गुरुवारी मोठ्या शहरातल्या इस्पितळात तिचे ऑपरेशन ठरले होते.

फोटो चौकटीतून काढून पाकिटात ॲम्ब्रोजनेच घातला होता, तिला दिसत नाही म्हणून.

क्वेलने रुमाल फिरवला. पाकीट कपाळाला लावले. मग आवाज बदलून, जड करून म्हणाला, “हेस्टर. माझी मुलगी. मी सत्त्याऐंशीच्या पायरीवर उभा आहे. टोपी किंचित डावीकडे, चेहऱ्यावर सकाळचे प्रसन्न ऊन.”

सभागृहात हुंदके फुटले. हेस्टर उठून उभी राहिली. तिला मंच दिसत नव्हता. ती आवाजाच्या दिशेने बोलली.

“बाबा, मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ का?”

इतका सरळ प्रश्न क्वेललाही अपेक्षित नसावा. पण असल्या माणसांची जीभ कधी अडखळत नाही. “सुरी लावू देऊ नकोस,” तो आवाज म्हणाला. “कापलेल्या डोळ्याला मी दिसणार नाही.”

ॲम्ब्रोज खुर्चीत थिजला होता. भुतामुळे नव्हे. टोपी किंचित डावीकडे, चेहऱ्यावर सकाळचे प्रसन्न ऊन: हे वाक्य त्याचे होते. अख्ख्या यादीत त्याने कवितेकडे झुकून लिहिलेले ते एकमेव वाक्य, आणि त्यावरून सिरिलने त्याला वर्षभर छळले होते. त्याहून वाईट म्हणजे ते वाक्य चूक होते. ही गोष्ट जगात एकट्या ॲम्ब्रोजला ठाऊक होती, आणि चौदा वर्षे त्याने ती गिळून ठेवली होती.

झाले होते असे. दोनशे बारामध्ये इंजिनाच्या नंबरावर वाफ आलेली. शेवटचा सात तेवढा दिसतो, आधीचा आकडा नाही. हेस्टर दर बैठकीला विचारत होती, तिचा चेहरा बघवत नव्हता, आणि ॲम्ब्रोजला त्या वाफेत आठ दिसला. माणसाला जे हवे असते ते दिसतेच. त्याला मंत्र लागत नाही. पायरीवरच्या माणसाचा डावा हात खिशात होता, म्हणून करंगळीचा प्रश्नही मिटला. तीन वर्षांनी नवे भिंग आले. त्याने गंमत म्हणून ती काच पुन्हा पाहिली, आणि मागे उभ्या मालडब्याच्या तुळईवर रंगवलेली अक्षरे वर आली. दुरुस्ती झाली की कारखाना डब्यावर तारीख घालत असे. मार्च १९१९. ल्यूक रॅम्सडेनला जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. मग त्याने इंजिन नीट पाहिले: पुढच्या गोल दरवाजाला फिरवून उघडायचे चाक होते. सत्त्याऐंशीच्या दरवाजाला दोन मुठी होत्या. ते सदुसष्ट होते, आणि पायरीवर कुणीतरी परका उभा होता.

त्याने हेस्टरला सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू करत चौदा वर्षे गेली. दर रविवारी तो तिच्याकडे चहाला जायचा, आणि फळीवरून तो परका माणूस, टोपी किंचित डावीकडे, त्याच्याकडे बघायचा. एल्सी गेल्यावर रविवारचा तो चहाच काय तो उरला होता. भूत कसे असते हे ॲम्ब्रोजला क्वेलने शिकवायची गरज नव्हती.

बुधवारी हेस्टरने त्याला बोलावून घेतले आणि हातात एक पत्र दिले. शेजारणीकडून लिहवून घेतले होते. इस्पितळाला कळवायचे होते की पलंग दुसऱ्या कुणाला द्या.

“डॉक्टर काय म्हणाले होते, हेस्टर?” त्याने विचारले.

“आत्ता नाही केलं तर पुढे करून उपयोग नाही म्हणाले. म्हणू देत. पासष्ट वर्षांनी बाप बोलला माझ्याशी. तू टपालात टाक, पोरा.”

बासष्टाव्या वर्षी त्याला पोरा म्हणणारी ती एकटीच उरली होती. त्याने पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि टपालपेटीवरून तीन वेळा येरझारा घातल्या. पेटीने काही सांगितले नाही.

घरी येऊन तो विचार करत बसला. मेलेला माणूस स्वतःचे इंजिन विसरणार नाही. ल्यूकचा आत्मा आला असता तर म्हणाला असता, हा कोण पायरीवर उभा केलाय माझ्या जागी. म्हणजे बोलला तो आत्मा नव्हे, बोलली यादी. यादी क्वेल पाठ करून आला असेल, पण बंद पाकिटात कुठला क्रमांक आहे हे त्याला कळते कसे? मग त्याला रुमालाचे लॅव्हेंडर आठवले. आणि लॅव्हेंडरखालचा तो दुसरा, गार, नाकात चढणारा वास. नकाशांच्या खोलीत पारदर्शक कागद संपला की ते साध्या कागदावर स्पिरिटचा बोळा फिरवत. कागद घटकाभर काचेसारखा व्हायचा, खालची रेघ उमटवून घ्यायची, तोवर तो वाळून पुन्हा कोरा. ॲम्ब्रोजने पंचवीस वर्षांत हजार वेळा केले असेल. इतके घरचे होते म्हणूनच लक्षात आले नव्हते.

बाकीचे काम मंडळाच्या शिस्तीने केले होते. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक. आणि पाकिटात फोटो घालायचा तो पाठ पत्त्याच्या बाजूला करून, म्हणजे वर पत्ता लिहिताना पेनाचा दाब चित्रावर पडत नाही. हा नियम ॲम्ब्रोजनेच घालून दिला होता. सबंध गाव तो वेदवाक्यासारखा पाळत होते, आणि क्रमांक ओल्या कागदाखाली अलगद क्वेलच्या डोळ्यांसमोर येत होता.

तो सिरिलकडे गेला. यादी कुणी मागवली होती का, विचारले. सिरिलने कान खाजवला. ऑगस्टमध्ये एका अभ्यासकाने टपालाने मागवली होती, म्हणाला. अक्षर फार सुंदर होते.

शनिवारी दुपारी पुन्हा सभागृह भरले. ॲम्ब्रोजने एक पाकीट सिरिलच्या हातून पुढे पाठवले. क्वेलने रुमाल फिरवला, करुणेने पाहिले, कपाळाला लावले. आणि त्याचा चेहरा वेदनेने भरून आला. इंजिन एकशे तीन, तो म्हणाला. मालगाडी. हिमवादळात अडकलेली. ड्रायव्हर एमॉस. बिचारा अजून शिट्टी वाजवतो आहे, कुणी ऐकत नाही. त्याला तुमच्या प्रार्थना हव्यात.

दोन बायकांनी तिथल्या तिथे डोळे मिटले.

“उघडा पाकीट,” ॲम्ब्रोज उभा राहून म्हणाला.

सिरिलने उघडले, पाहिले, आणि फोटो लोकांकडे फिरवला. त्यात इंजिन नव्हते. ॲम्ब्रोजच्या बागेतला लीक होता, कांद्याच्या पातीचा तो थोराड भाऊबंद, गेल्या वर्षी प्रदर्शनात पहिला आलेला, गळ्यात बक्षिसाची फीत घालून पांढऱ्या चादरीवर निजवलेला. पाठीवर पेन्सिलीने लिहिले होते १४०. यादीत एकशे चाळीसाव्या क्रमांकाला इंजिन एकशे तीन, हिमवादळ, ड्रायव्हर एमॉस.

आधी मागच्या बाकावरून एक हसू फुटले, मग सगळीकडून. एमॉसला प्रार्थना नको, खत घाला, असे कुणीतरी म्हणाले. ॲम्ब्रोजने खिशातून औषधाच्या दुकानातली स्पिरिटची बाटली काढली, नव्या पाकिटावर बोळा फिरवला आणि ते पहिल्या रांगेत दिले. कागदातून आकडा स्वच्छ वर आला. पाकीट तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत वाळून कोरे झाले होते. लॅव्हेंडर कशाला होते हे मग कुणाला सांगावे लागले नाही. क्वेलने काही खट्याळ आत्मे मुद्दाम दिशाभूल करतात असे काहीतरी सुरू केले, पण पितळ उघडे पडल्यावर त्याला कल्हई कितीही केली तरी काय. एनॉकची सून उठली, मंचापाशी गेली, आणि थंडी वाजते म्हणालास ना, असे म्हणून तिने त्याचा रुमाल उचलून शेगडीत टाकला. तो भप्पकन पेटला.

सगळे हसत होते. हेस्टर हसत नव्हती.

“लीकचं लीकपाशी,” ती उभी राहून म्हणाली, आणि हसू थांबले. “हा माणूस चोर असेल. पण चोराच्या तोंडूनही खरं निघतं. सत्त्याऐंशी म्हणाला. माझ्या बाबांचंच इंजिन होतं ते. यादी असो नाहीतर काही असो, ते खरं आहे ना? मी ऑपरेशन करणार नाही.”

ॲम्ब्रोजला वाटले होते लीकवर भागेल. भागत नव्हते. इथून पुढे फक्त एकच गोष्ट उरली होती आणि तिच्या पलीकडे रविवारचा चहा नव्हता. त्याने खुर्चीची पाठ धरली.

“ते खरं नाही, हेस्टर. ते इंजिन सदुसष्ट आहे. फोटो एकोणीसशे एकोणीसचा आहे. पायरीवरचे तुमचे वडील नव्हेत. चूक माझी आहे. ती चूक क्वेलने वाचली आणि तुमच्या वडिलांच्या तोंडी घातली.”

“तुला कधी कळलं?”

“चौदा वर्षं झाली.”

हेस्टरने शेजारणीचा हात चाचपला, धरला, आणि दाराकडे निघाली. जाताना ॲम्ब्रोजच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली. तो तिला दिसत नव्हता, पण स्पिरिटचा वास आला असावा.

“सतरा वर्षं मी त्या माणसाला गुड नाइट म्हणतेय, त्यातली चौदा तुला माहीत असताना,” ती म्हणाली, आणि गेली.

क्वेल संध्याकाळच्या बसने पळाला. गाव त्याच्या नावाने हसत झोपले. ॲम्ब्रोज झोपला नाही. लोकांना फसवणारा कोण, याचा हिशेब त्याच्या मनात काही केल्या एका बाजूला जात नव्हता. रुमाल फिरवणारा एक आठवड्यासाठी आला होता. आपण चौदा वर्षे गप्प राहिलो, आणि आपल्या गप्प बसण्यातच त्याला उभे राहायला जागा मिळाली.

रविवारी त्याला चहाला बोलावणे नव्हते. तरी तो गेला. बरोबर एक पाकीट होते आणि ते पत्र.

फळी रिकामी होती. हेस्टरने त्याला बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

“हे तुमचं पत्र,” तो म्हणाला. “टाकलं नाही मी. तुम्ही म्हणाल तर उद्या सकाळी टाकतो, गुरुवारच्या आत पोचेल. डोळे तुमचे आहेत. पण आधी हे ऐका.”

यादीत न घातलेल्या काचांच्या पेटीत एक कोपरा फुटलेली काच होती. ती त्याला नऊ वर्षांपूर्वी सापडली होती. दाखवली असती तर दोनशे बाराचे बिंग फुटले असते, म्हणून तीही दाबून ठेवली होती. वेष्टनावर छायाचित्रकाराच्या हातची तारीख: जून १९१०. इंजिनाचा नंबर पुरा स्पष्ट, सत्त्याऐंशी. पुढच्या दरवाजाला दोन मुठी. पायरीवर एक माणूस, डाव्या हाताने दांडी धरून.

“चेहरा कसा आहे?” हेस्टरने विचारले.

इथे पुन्हा एक गोड वाक्य बोलता आले असते. ॲम्ब्रोजने ते म्हटले नाही.

“चेहरा नाही. कॅमेऱ्यात काच उघडी असताना तो हलला. मान वळवली असेल, कुणाशी बोलला असेल. चेहऱ्याच्या जागी पुसट पांढरा पट्टा आहे, बस. पण हात दांडीवर घट्ट होता, तो हलला नाही. भिंगाखाली नखंसुद्धा दिसतात. चार बोटं आहेत. करंगळी नाही.”

हेस्टरने हात पुढे केला, त्याने पाकिटातला, त्या काचेवरून छापलेला फोटो दिला. तिने तो डोळ्यांना जवळजवळ चिकटवला, खिडकीकडे वळवला, तिरपा केला. तिला काही दिसले नाही. हे तिच्या चेहऱ्यावरून ॲम्ब्रोजला कळले.

“आई म्हणायची,” हेस्टर म्हणाली, “एका जागी उभा राहील तर शपथ.”

तिने पत्र मागून घेतले आणि शेकोटीत टाकले. मग चहाचे आधण ठेव म्हणाली, पण साखर तुला मिळणार नाही, इतक्यात विसरणार नाही मी.

ऑपरेशन झाले. डिसेंबरात जाड भिंगांचा चष्मा लावून ती मंडळाच्या बैठकीला आली, ॲम्ब्रोजच्या हातातले भिंग मागून घेतले आणि पाव तास एका हाताकडे बघत बसली. मग तिने दोनशे बाराही मागितला. या बिचाऱ्यालाही कुणीतरी शोधत असेल, म्हणाली.

त्या महिन्यात यादीला एक दुरुस्तीची चिठ्ठी जोडली गेली. ती अजून कार्लबेकमध्ये मिळते.

“क्रमांक २१२. इंजिन ६७. साल १९१९ किंवा नंतरचे. पायरीवरचा माणूस: माहीत नाही. आधीची नोंद चुकीची होती. ती मी केली, आणि चूक कळल्यावरही ठेवली. वाचकांना विनंती की या यादीवर, माझ्यावर किंवा मेलेल्यांच्या वतीने बोलणाऱ्या कुणावरही विसंबू नये. फोटो उलटून पाठ बघावी, भिंग घ्यावे, खिळे मोजावेत. आणि दिसले नाही तर दिसले नाही असे म्हणावे. – ॲ. मेटकाफ.”